'प्रयुक्त' व्हायला कोण येतंय?

दोस्तांनो, तुमच्या ओळखीत मानसशास्त्रात एम.ए. करणारी एखादी ताई किंवा दादा आहे का? असेल, तर रविवारी सकाळी त्यांच्या दारावरून जाताना जरा जपून! "ए, पाच मिनिटं येतोस का रे?" अशी हाक येईल आणि त्या पाच मिनिटांचा हमखास तास होईल.

आमच्या शेजारी अशीच एक ताई राहायची. "ताई, माझ्या मनात काय चाललंय ते ओळख ना!" झाडून सगळी पोरं तिला हेच विचारायची. ती म्हणायची, "इथून पळायचं कसं, हेच चाललंय. बस खाली."

ज्याच्यावर प्रयोग करायचा, त्याला मानसशास्त्रात म्हणतात 'प्रयुक्त'. या विद्यार्थ्यांचा निम्मा जीव प्रयुक्त शोधण्यातच जातो. वर्गात जोड्या असतात. आज मी प्रयोगकर्ता, तू प्रयुक्त, उद्या उलट. आपण वेंधळ्यासारखे चुकत असताना समोरचा घड्याळ लावून चुका मोजतोय, हा अनुभव आधी स्वतः घ्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचा. मला तर हा नियम फारच आवडतो. आमच्या मास्तरांनाही तो लागू असता तर!

पुणे विद्यापीठ १९४९ साली गणेशखिंडीत सुरू झालं (२०१४ पासून त्याचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ). तिथल्या या विभागाचं सुरुवातीचं नावच होतं 'प्रायोगिक मानसशास्त्र', आणि प्रा. कोठूरकर हे त्याचे पहिल्या पिढीतले प्रमुख. मनाचे प्रयोग प्रयोगशाळेत करण्याची ही रीत जर्मनीतली. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लायपझिगला अशी प्रयोगशाळा काढली होती. गणेशखिंडीतल्या मोठमोठ्या वडांखाली, जयकर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, कँटीनच्या चहावर अशी पोरं-पोरी जर्नल पुरं करताना दिसली, तर समजा, उद्या प्रॅक्टिकल आहे.

त्यातला एक प्रयोग तुम्ही घरीच करू शकाल. कागदावर सहा टोकांची चांदणी काढा. तिच्या आत तशीच थोडी लहान दुसरी काढा, म्हणजे दोन रेघांमध्ये एक अरुंद रस्ता तयार होईल. कागदामागे आरसा उभा करा. हातावर मित्राला वही आडवी धरायला सांगा, म्हणजे कागद थेट दिसणार नाही. आता फक्त आरशात बघत त्या रस्त्यावरून पेन्सिल फिरवा. वर जायचं तर हात खाली जाईल! पण आठ-दहा वेळा करा, चुका भराभर कमी होतात. आणखी गंमत म्हणजे सराव उजव्या हाताला दिला, तरी डावाही थोडा सुधारतो.

हे झाले खेळासारखे प्रयोग. पुढे येतात बुद्धिमत्तेच्या चाचण्या, आणि तिथे मात्र ताई गंभीर व्हायची.

अशी पहिली चाचणी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमॉन यांनी १९०५ साली केली. कशासाठी? शाळेत कोणत्या मुलांना जास्तीच्या मदतीची गरज आहे, ते कळावं म्हणून. डॉ. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बदलून घेतली. मग १९५५ साली डॉ. भाटिया यांची चाचणी आली. तिचे पाच भाग आणि बराचसा कारभार हातांनी करायचा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही देता यावी. त्यात एक तबक असतं. त्यातल्या रंगीत चकत्या न उचलता नुसत्या सरकवत लाल लाल बाजूला आणि निळ्या निळ्या बाजूला न्यायच्या.

आमच्या वाड्यात एक मुलगा होता. वाचताना अडखळायचा, म्हणून शाळेत त्याच्यावर 'ढ' असा शिक्का बसला होता. ताईनं त्याला प्रयुक्त केलं. त्या चकत्या त्यानं अशा सरसर सरकवल्या, की ताई घड्याळाकडे बघतच राहिली! संध्याकाळी त्याची आई आली.

"किती आला गं आकडा?"

"काकू, मी शिकाऊ आहे. माझ्या हातचा आकडा खरा धरायचा नसतो. आणि धरायचा असता, तरी असा जिन्यात सांगायचा नसतो."

काकू फुरंगटल्या. महिनाभर बोलल्या नाहीत. पण ताईनं आकडा सांगितला नाही तो नाहीच. एवढंच म्हणाली, "त्याला वाचताना काय अडतं, ते जाणकारांना दाखवा. बुद्धीची काळजी करू नका." काकूंनी रागारागातच का होईना, दाखवलं. अडचण अक्षरांची निघाली, डोक्याची नव्हे.

आई-बाबांनो, एका आकड्यात मूल मावत नाही, हे मानसशास्त्रज्ञांनीच म्हटलेलं आहे. अमेरिकेच्या गिलफर्ड यांनी १९६७ साली बुद्धीचे चक्क १२० घटक मांडले. एखाद्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचणं, हीसुद्धा बुद्धीच! पुण्यात सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीत या विचारावर पुष्कळ काम झालं. मानसशास्त्राचे अभ्यासक आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली प्रबोधिनी काढली. चाचण्या घेऊन मुलं निवडायची, पण त्यांना नुसतं पुस्तकात बसवायचं नाही, अशी त्यांची रीत. तिथल्या 'प्रज्ञा मानस संशोधिके'नं गिलफर्डच्या धर्तीवर आपल्याकडच्या मुलांसाठी चाचण्या तयार केल्या. पदवीनंतरचे अभ्यासक्रमही चालवले. आणि याच प्रबोधिनीची मुलं-मुली गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाच्या तालावर बर्ची नाचतात! शेजाऱ्याच्या डोक्यात बर्ची न घालता ताल धरणं हा कितवा घटक, ते गिलफर्डसाहेबांना विचारायला हवं होतं.

गणपती आटोपले, की या विद्यार्थ्यांची पुढची धांदल १० ऑक्टोबरची. १९९२ पासून हा जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे. पोस्टर, पथनाट्यं, व्याख्यानं. 'मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचं शास्त्र ना?' हा प्रश्न त्या दिवशीही कुणीतरी विचारतंच, आणि कुणीतरी ताई न चिडता उत्तर देते. तुमच्या मनाला कधी फार जड वाटलं, तर ते घरी सांगाच. शिवाय १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फुकट बोलता येतं. २०२२ साली ही सोय सुरू झाली.

आमची ताई आता एका शाळेत समुपदेशक आहे. काकूंशी तिची केव्हाच गट्टी झाली. आकडा मात्र त्यांना अजून कळलेला नाही.

आणि हो, ती आरशातली चांदणी कितव्या खेपेला जमली, ते आम्हाला जरूर कळवा!