विद्यापीठाची हद्द

अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. तेथे मेंडोटा सरोवराच्या काठी, १८४८ साली स्थापन झालेले राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ उभे आहे. हे सरोवर हिवाळ्यात गोठते. ते कधी गोठले व कधी मोकळे झाले, याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवली जात आहे. या नोंदीचा उपयोग काय, असे त्या काळी कोणी विचारले असते तर समाधानकारक उत्तर मिळाले नसते. आज मात्र सरोवरावरील बर्फाचा मुक्काम कित्येक आठवड्यांनी घटल्याचे तीच नोंद सांगते, आणि वाढत्या तापमानाचा तो एक भक्कम पुरावा ठरला आहे. विद्यापीठातील एडवर्ड बर्ज यांनी याच सरोवराच्या अभ्यासातून अमेरिकेतील सरोवरविज्ञानाचा पाया घातला.

म्हणून विद्यापीठाने व्यवहाराकडे पाठ फिरवावी, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. येथीलच स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत शोधली व तिचे पेटंट घेतले नाही. पाणी घातलेल्या आणि निर्भेळ दुधाला एकच भाव मिळण्याचा अन्याय त्यामुळे दूर होऊ शकला. फॅटवर भाव घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला त्याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. राज्यातील प्रत्येक कुटुंबापर्यंत विद्यापीठाचा लाभ पोचला पाहिजे, हा विचार अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी पुढे मांडला, तो या परंपरेला धरूनच.

परंतु लोकांच्या पैशावर चालणारे विद्यापीठ लोकांचे, की सत्तेवर असलेल्यांचे? संपाला व समाजवादाला उत्तेजन दिल्याच्या आरोपावरून १८९४ मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड एली यांची चौकशी झाली. नियामक मंडळाने त्यांना निर्दोष ठरविले आणि सत्यशोधन निर्भयपणे चालू राहिले पाहिजे, असे जाहीर केले. तरीही २०१५ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या अर्थसंकल्पात, कायद्यातील सत्यशोधनाचे ध्येय वगळून तेथे राज्याची मनुष्यबळाची गरज भागविण्याचे ध्येय घालण्याचा प्रस्ताव आला. गहजब झाल्यावर तो मागे घेतला गेला. प्राध्यापकांच्या कायमपणाला असलेले राज्य कायद्याचे संरक्षण मात्र त्याच वर्षी गेले.

पदवीधरास काम मिळावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण गरजेची यादी सत्ताधाऱ्यांनी करावयाची ठरली, तर तीत बर्फाच्या तारखा लिहून ठेवणाऱ्यास जागा मिळणार नाही. दुधाचा कस आणि बर्फाची तारीख या दोहोंनाही जेथे आसरा मिळतो, तेच विद्यापीठ अखेर समाजाच्या उपयोगी पडते.