पोटावर पिशवी असली तरी नमाज माफ नाही, सोपी आहे
कोलोस्टॉमीच्या ऑपरेशननंतर अनेक जण नमाजच सोडतात. पिशवीत नजासत असताना वुजू कसा टिकणार, हा त्यांचा सवाल असतो. मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं असल्याने शौच आपोआप पिशवीत येतं; ते रोखणं माणसाच्या हातात नसतं. उलमा अशा व्यक्तीला ‘माजूर’ मानतात.

हनफी मसलकात माजूरने प्रत्येक नमाजच्या वक्तात नवा वुजू करायचा. त्या वक्तात पिशवीत काही आलं तरी नमाज होते. शाफईंमध्ये प्रत्येक फर्जसाठी वेगळा वुजू. आपला मसला आलिमांना जरूर विचारा.

वुजूआधी पिशवी रिकामी करा. पिशवी बदलताना भोवतालची त्वचा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. वाकताना त्रास होत असेल तर बसून, इशाऱ्याने सजदा चालतो. घरच्यांनो, नाक मुरडू नका. अब्बांच्या शेजारीच मुसल्ला अंथरा.