सीमारेषेचा रंग कोणता?

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. समजा, या जिल्ह्याचा नकाशा संगणकावर, ब्राउझरमध्ये काढायचा आहे आणि प्रत्येक तालुक्याची कड वेगळ्या रंगाची हवी आहे. पहिला तालुका लाल कडेचा येतो. दुसरा निळ्या रंगात काढला, की पहिलाही निळा होतो! पाचवा जांभळा काढून होईपर्यंत अख्खा जिल्हा जांभळा. मुले म्हणतात, संगणक बिघडला. तो बिघडलेला नसतो. सांगितले तेवढेच तो करतो.

ब्राउझरमध्ये चित्रासाठी 'कॅनव्हास' नावाची चौकट असते. तिला जावास्क्रिप्ट भाषेत आज्ञा देतात. 'मूव्हटू' म्हणजे लेखणी अमुक बिंदूवर ठेव आणि 'लाइनटू' म्हणजे तिथून पुढच्या बिंदूपर्यंत जा. (बिंदू आलेख कागदावरून घेता येतात. मात्र इथे 'वाय' वरून खाली वाढत जातो, हे मुलांना आधीच सांगावे.) एवढ्याने पडद्यावर काहीच उमटत नाही. संगणक फक्त मार्ग लक्षात ठेवतो. 'स्ट्रोक' ही आज्ञा मिळाली, की त्या मार्गावर रेषा ओढली जाते आणि त्या क्षणी 'स्ट्रोकस्टाइल'मध्ये जो रंग असेल, तोच तिला लागतो. रंग सांगितलाच नसेल, तर काळा.

आता चूक उघड होते. दुसरा तालुका आखताना पहिल्याचा मार्ग संगणकाच्या स्मरणात तसाच असतो. 'स्ट्रोक' म्हटल्यावर तो दोन्ही तालुके निळ्या रंगाने गिरवतो. म्हणून प्रत्येक तालुक्यापूर्वी 'बिगिनपाथ' ही आज्ञा द्यायची, म्हणजे जुना मार्ग पुसला जातो. आधी उमटलेले चित्र मात्र जागेवर राहते.

दुसरी एक फसगत रंगाच्या नावाची. नावाचे स्पेलिंग चुकले, तर संगणक तक्रार करत नाही. नवा रंग मुकाट्याने नाकारून आधीचाच चालू ठेवतो. लाल तालुक्यानंतरचा हिरवा तालुका लालच आला, तर आधी स्पेलिंग पाहावे.

एवढे करूनही एक प्रश्न राहतो आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. हिंगोली आणि सेनगाव यांची सीमा एकच आहे. तिला हिंगोलीचा रंग द्यायचा की सेनगावचा? संगणक जो नंतर काढला त्याचा रंग देतो. रेषेची जाडी ६ बिंदू ठेवली, तर ३ बिंदू मार्गाच्या आत आणि ३ बाहेर पडतात. म्हणजे प्रत्येक तालुका शेजाऱ्याच्या हद्दीत ३ बिंदू शिरतो. शेवटी काढलेला तालुका आधीच्याची रेषा पूर्ण झाकतो.

छापील नकाशांत सीमेच्या दोन्ही बाजूंना आपापल्या रंगाचे पट्टे दिसतात. तसेच इथे करता येते. मार्ग आखून झाल्यावर 'क्लिप' म्हटले, की पुढचे रंगकाम त्या आकाराच्या आतच दिसते. मग रेषेचा बाहेरचा अर्धा भाग गळून पडतो, आतले ३ बिंदू उरतात आणि लाल-निळे पट्टे शेजारी शेजारी नांदतात. हे कुंपण पुढच्या तालुक्याआधी काढावे लागते. त्यासाठी प्रत्येक तालुक्याच्या सुरुवातीला 'सेव्ह' आणि शेवटी 'रिस्टोअर' लिहावे. आत रंगही भरायचा असेल, तर तो आधी भरावा आणि कड नंतर काढावी. उलट केले, तर भरलेला रंग तेच ३ बिंदू गिळतो.

औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा नियोजित आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली तिच्या उभारणीस मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, अशी तिची रचना. १ किलोमीटरला १० बिंदू धरले, तर प्रत्येक भुजा ४० बिंदूंची. एका भुजेच्या टोकापासून कोपऱ्यापर्यंत आणि तिथून दुसऱ्या टोकापर्यंत मार्ग आखून 'स्ट्रोक' म्हणा. दोन भुजा उमटतील. त्याच मार्गावर 'फिल' म्हटले, तर मात्र संगणक दोन टोके मनानेच जोडून घेतो आणि भरीव त्रिकोण दाखवतो. दोन्ही आज्ञा वर्गात एकापाठोपाठ देऊन पाहा आणि तिसरी बाजू कोणी काढली, असे मुलांना विचारा.