कोलंबिया, पण कोणती?

तबकडीमागची नोंद : लेखांक ६

तोक्योत ओचानोमिझूच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत शनिवारी दुपारी शिरलं की बोटं काळी होतात आणि पाकीट हलकं होतं. गेल्या महिन्यात तिथं मला 'नायगारा ट्रायअँगल व्हॉल्यूम १' ही १९७६ची एलपी मिळाली, तीही स्वस्तात, कारण तिची ओबी गहाळ होती. ओबी म्हणजे कव्हरच्या एका कडेला गुंडाळलेली कागदी पट्टी. नाव किमोनोच्या कमरपट्ट्यावरून आलंय. किंमत, क्रमांक, कंपनी, जाहिरातीची ओळ, सगळं त्या चार बोटं रुंद कागदावर असतं. पट्टी नसेल तर इथलं गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि माझ्यासारख्याची सोय होते.

निशी-कासाईला घरी येऊन नेहमीप्रमाणे म्युझिकब्रेन्झ उघडलं. जुने वाचक हे नाव ओळखतात. नव्यांसाठी एवढंच, की रॉबर्ट के यांनी सुरू केलेला हा संगीताचा सामाईक माहितीसाठा जगभरातले हौशी लोक भरतात. माझ्या एलपीची नोंद आधीच होती, पण लेबलच्या रकान्यात फक्त 'नायगारा'. मागच्या कव्हरवर तर कोलंबियाचं नाव स्पष्ट दिसत होतं. रकान्यात कोलंबिया टंकलं, यादीत वर आलं ते निवडलं आणि झोपलो. सकाळी दोन विरोधी मतं पडलेली आणि खाली एक सौम्य टीप : तुम्ही निवडलेली कोलंबिया अमेरिकेची आहे, तुमच्या हातातली जपानची. शिवाय ती इथं लेबल नाही.

एका वाक्यात दोन चुका. दुसरी आधी घेतो, कारण ती कळली की पहिली आपोआप उलगडते.

कोणतंही मराठी पुस्तक उघडून पहिली दोन-चार पानं उलटा. प्रकाशक एक, मुद्रक दुसरा, मुख्य वितरक तिसरा. तिघांचीही नावं छापलेली असली तरी 'हे पुस्तक कुणाचं' या प्रश्नाला आपण प्रकाशकाचंच नाव सांगतो. रेकॉर्डचंही तसंच, पण एक गाठ जास्त. तिथं प्रकाशकाचेही दोन भाग पडतात : कंपनी आणि तिची छाप. छाप हा आपला जुना, नेमका शब्द. आजोबांच्या पिढीला ग्रामोफोन कंपनीचा कारभार कुठून चालतो याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासाठी ती कुत्रा छाप रेकॉर्ड होती. म्युझिकब्रेन्झच्या लेबलच्या रकान्यात हवी असते ती हीच छाप. कंपनी, वितरक, कारखाना यांच्या नोंदी वेगळ्या करायच्या आणि नात्याच्या दोऱ्यांनी त्या जोडायच्या.

जपानी सीडीवर हे नवशिक्याला अवघड जातं त्याचं एक कारण भाषेचं आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. एक 'हात्सुबाई-मोतो', म्हणजे प्रकाशित करणारा. दुसरी 'हानबाई-मोतो', म्हणजे विकणारा. उच्चारात फरक एवढासा, आणि चित्रलिपीत तर तीनपैकी एकच अक्षर वेगळं. छोट्या स्वतंत्र लेबलांच्या सीडीवर पहिल्या ओळीत त्यांचं नाव असतं आणि दुसरीत एखादी बडी कंपनी. घाईत वाचणारा बड्या नावाला भुलतो. शेजारी जास्राकचं चिन्ह असतं, तेही लोक लेबल समजून भरतात. जास्राक ही गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी, १९३९पासूनची संस्था. तिनं एकही रेकॉर्ड काढलेली नाही, पण तिचं चिन्ह सगळीकडे. माझ्या मते नवशिक्याला आधी काय वाचायचं नाही ते शिकवावं.

आता कोलंबिया. १९१०मध्ये जपानात 'निप्पॉन चिकुओन्की शोकाई' ही कंपनी निघाली. चिकुओन्की म्हणजे ग्रामोफोन. १९२०च्या दशकाच्या शेवटी तिच्यात परदेशी कोलंबियाचं भांडवल आलं आणि त्याबरोबर नाव. पुढच्या दशकात भांडवल जपानी हातांत गेलं, नाव मात्र इथंच राहिलं. १९४६मध्ये कंपनीनं तेच अधिकृतपणे धारण केलं : निप्पॉन कोलंबिया. माहेर तुटलं तरी माहेरचं नाव लावलं, असा हा प्रकार. जपानी लिपीत ती ते 'कोरोमुबिआ' असं लिहिते, मधे 'मु' घालून. दक्षिण अमेरिकेतला देश मात्र 'कोरोनबिआ'. मग शोधात 'न'वालं रूप टंकणाऱ्याला काही सापडत नाही आणि तो दुसरी नोंद तयार करतो. अशा जुळ्या नोंदी एकत्र करणं हे आमच्यातल्या काही जणांचं रविवारचं काम आहे. त्यात २००२मध्ये कंपनीचं नाव 'कोलंबिया म्युझिक एंटरटेनमेंट' झालं आणि २०१०मध्ये पुन्हा निप्पॉन कोलंबिया. त्या आठ वर्षांतल्या सीडीवर छापलेलं नाव आजच्या नावानं झाकायचं नाही, हा आमचा दंडक.

अमेरिकेतली कोलंबिया ही सीबीएसची. तिच्या रेकॉर्ड बरीच वर्षं जपानात निप्पॉन कोलंबियाच विकायची. मार्च १९६८मध्ये सीबीएसनं सोनीशी निम्म्या-निम्म्या भागीदारीत नवी कंपनी काढली. तिची सूत्रं नोरिओ ओगा यांच्याकडे होती. हे गृहस्थ शिक्षणानं गायक, पुढे सोनीचे अध्यक्ष. पण अमेरिकी कोलंबियाला स्वतःचंच नाव इथं लावता येईना, ते आधीच घेतलेलं! म्हणून छाप झाली 'सीबीएस/सोनी'. १९८८मध्ये सोनीनं सीबीएसचा अख्खा रेकॉर्ड व्यवसाय २ अब्ज डॉलरला विकत घेतला. कोलंबिया हे नाव त्या सौद्यात आलं, पण जपानात ते निप्पॉन कोलंबियाकडेच राहिलं. जगभर ज्या नावाची मालकी आपली, ते घरच्या अंगणातच वापरता येत नाही!

आपल्या कुत्र्याचीही हीच गत. सांगलीला आमच्या माळ्यावर नाट्यसंगीताच्या रेकॉर्डवर भोंग्यापुढे बसलेला तो कुत्रा मी लहानपणापासून पाहिला. हिज मास्टर्स व्हॉइस म्हणजे तो, हे गृहीतच. जपानात हाच कुत्रा दिसला की आपल्याकडची एचएमव्ही म्हणून नोंद करायची नाही. इथं तो जपान व्हिक्टरचा. अमेरिकी व्हिक्टरनं १९२७मध्ये योकोहामात काढलेल्या कंपनीला तो मिळाला आणि पुढे तिथंच राहिला. एचएमव्हीची मालक इएमआय, पण तिला जपानात तोशिबाबरोबर वेगळ्या छापा वापराव्या लागल्या. तिचं शास्त्रीय संगीत 'एंजल'वर यायचं. बीटल्स इंग्लंडात पार्लोफोनवर, इथं ओडियनवर. थोडक्यात, छापेचा मालक देशाची सीमा ओलांडली की बदलतो. देशाचा रकाना आम्ही हौसेनं ठेवलेला नाही.

आता परत माझ्या एलपीकडे. नायगारा ही एइइची ओताकी या संगीतकाराची स्वतःची छाप. ओताकी म्हणजे मोठा धबधबा, म्हणून नायगारा. एवढ्या सरळ कोटीवर माणसानं आयुष्यभराचं काम उभं केलं. १९७५मध्ये या छापेची पहिली एलपी आली, 'शुगर बेब' या गटाची 'साँग्ज'. तात्सुरो यामाशिता आणि ताएको ओनुकी त्यातलेच. तेव्हा वितरण 'एलेक' या छोट्या कंपनीकडे होतं. वर्षभरात एलेक बुडाली आणि नायगारा निप्पॉन कोलंबियाकडे गेली. माझी एलपी त्या काळातली. २१ मार्च १९८१ला 'अ लाँग व्हेकेशन' आली, हिरोशी नागाई यांच्या पोहण्याच्या तलावाच्या चित्राची. तोवर नायगारा सीबीएस/सोनीकडे पोचली होती. एक छाप, तीन घरं. दुसरं घर जपानी कोलंबियाचं आणि तिसरं अमेरिकी कोलंबियाच्या भागीदाराचं. मी निवडलेल्या नोंदीनं ही दोन घरं एक करून टाकली असती आणि १९७६ची नायगारा पाच वर्षं आधीच सीबीएसच्या दारात नेऊन ठेवली असती.

क्रमांकाचा रकाना मी बरोबर भरला होता, हे जाता जाता सांगायला हवं. जपानी क्रमांक पुष्कळ बोलतात. 'अ लाँग व्हेकेशन'च्या एलपीचा क्रमांक २७एएच १२३४. त्यातले २७ म्हणजे २७०० येन. १ ऑक्टोबर १९८२ला जगातल्या पहिल्या सीडी इथं बाजारात आल्या, तेव्हा बिली जोएलच्या '५२न्ड स्ट्रीट'चा क्रमांक होता ३५डीपी १ आणि ओताकींच्या याच अल्बमचा ३५डीएच १. किंमत ३५०० येन, आणि शेवटच्या अक्षरात परदेशी-देशी असा फरक. पुढे बारकोड आले. ४९८८००१नं सुरू होणारा कोलंबियाचा, ४९८८००२ व्हिक्टरचा, ४९८८००३ किंगचा. पण बारकोडावरून छाप कळेलच असं नाही. तो बहुधा बड्या घराचा असतो. क्रमांक भरताना मधली मोकळी जागाही छापलीय तशीच ठेवायची. काही जणांना हा वेडेपणा वाटतो. मला नाही वाटत.

मी दुरुस्ती मागे घेतली आणि नवी टाकली : लेबल नायगारा, वितरक निप्पॉन कोलंबिया, सोबत मागच्या कव्हरचा फोटो. अशा दुरुस्तीवर सात दिवस मत देता येतं. कुणी हरकत घेतली नाही तर ती लागू होते. पाचव्या दिवशी त्याच गृहस्थांची टीप आली. त्यांना पटलं होतं, फक्त एक बारीक शंका होती. कव्हरवरचा मजकूर विकणाऱ्याचा की कारखान्याचा, हे त्यांना फोटोत नीट कळत नव्हतं. ओबीवर ते बहुतेक स्वच्छ छापलेलं असतं, तेव्हा तेवढी ओबी बघून सांगता का?