कडेगावचे घरभाडे महागाईत धरले का?

कडेगावसारख्या तालुक्याच्या गावात बदलून आलेला शिक्षक किंवा बँकेतला कारकून आधी दोन खोल्या बघतो. समजा, त्याचे भाडे तीन हजारांवरून साडेतीन हजारांवर गेले. म्हणजे जवळजवळ 17 टक्के वाढ. पण महागाई मोजणाऱ्या, 2012 आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खेड्यातली अशी वाढ उमटायला जागाच नव्हती. ग्रामीण निर्देशांकात घरभाडे हा घटकच नव्हता. शहरी निर्देशांकात घरांचा भार 21.67 टक्के होता, दोन्ही एकत्र केल्यावर 10.07. म्हणजे शहरातली भाडी दहा टक्क्यांनी वाढली की एकत्रित निर्देशांक साधारण एक टक्का वर जाई.

ग्रामीण भाडे वगळण्यामागे कारण होते. 2011 च्या जनगणनेनुसार ग्रामीण भागातील सुमारे 95 टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. तरीही मला हे पटत नसे. तालुक्याच्या गावात नोकरदार येतात, विद्यार्थी येतात, आणि त्यांच्या खर्चात भाडे पहिले असते.

मग स्वतःच्या घराचे काय? घर बांधणे ही गुंतवणूक मानली जाते, त्यामुळे नव्या बांधकामाचे सिमेंट आणि वाळू निर्देशांकात येत नाहीत. मोजायचा असतो तो निवारा: हेच घर भाड्याने घेतले असते तर किती पडले असते? अमेरिकेतही 1983 पासून हीच रीत आहे.

यात एक विचित्र गाठ होती. सरकारी क्वार्टरचे भाडे म्हणजे परवाना शुल्क अधिक न मिळालेला घरभाडे भत्ता, असे धरले जाई. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींवरून सरकारने जुलै 2017 पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता वाढवला आणि निर्देशांकातली भाडीही वाढली. एकाही घरमालकाने एक रुपया वाढवलेला नसताना! महागाईचा कल ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेला हा परिणाम वेगळा काढावा लागला. शिवाय एकेका घराचे भाडे सहा महिन्यांतून एकदाच विचारले जाई, त्यामुळे खरी वाढही रेंगाळतच दिसे.

फेब्रुवारी 2026 मध्ये 2024 आधारवर्षाची नवी मालिका आली आणि ग्रामीण घरभाडे पहिल्यांदाच हिशेबात आले. ही सुधारणा फार पूर्वीच व्हायला हवी होती. आता भाडे विचारायला सांख्यिकी विभागाचा माणूस दारात आला, तर करारनाम्यातला नव्हे, प्रत्यक्ष देता तोच आकडा सांगा. 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याने तुमची माहिती गोपनीय राहते.