वॉर्डात आधी कोणाकडे पाहायचे?

ज्याच्या खिशात पैसा आहे तो आजारी पडला की खासगी दवाखान्यात जातो. ज्याच्याजवळ नाही तो सरकारी दवाखान्यात. त्यामुळे बाभुळगावचे ग्रामीण रुग्णालय असो की यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय, तेथील वॉर्डात दिसणारे चेहरे बहुतांशी आपलेच असतात. शेतमजूर, सालदार, सफाई कामगार, वीटभट्टीवरचा गडी, धुणीभांडी करणारी बाई. अशा वॉर्डात रात्री दोन वाजता रुग्ण भरपूर आहेत आणि ड्यूटीवर सिस्टर एकच आहे. ती आधी कोणाच्या खाटेकडे जाईल?

हा प्रश्न वरवर वैद्यकशास्त्राचा वाटतो. मुळात तो न्यायाचा आहे. समाजात आधी कोण आणि मागून कोण हे हजारो वर्षे जातीने ठरवले. वॉर्डात ते कशाने ठरते, याचा विचार चळवळीने केला पाहिजे. आपण सवलतींवर बोलतो, जागांवर बोलतो, शिष्यवृत्तीवर बोलतो आणि ते बोललेच पाहिजे. पण आपला माणूस खाटेवर पडला असताना त्याचा श्वास कोणी मोजला का, यावर आपण बोलत नाही.

बाबासाहेबांनी यावर बोलून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनपर लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. ती १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'मध्ये पत्ररूपाने छापून आली होती. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. जुलाब झाले, छाती भरून आली, श्वास घेणे कठीण झाले. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला. पण अट अशी की वस्तीच्या बाहेरच तपासणार. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच मार्गाने ते परत गेले. डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले, औषध पाठवले आणि पुन्हा यायचे नाकारले. ती बाई मरण पावली.

या हकीकतीकडे शुश्रूषेच्या अंगाने पाहा. निदान झाले होते, औषधही मिळाले होते. मिळाला नाही तो माणसाचा हात. न्यूमोनियाच्या रुग्णाला बसते करायचे असते, श्वास मोजायचा असतो, ओठ-नखे निळी पडतात का ते पाहायचे असते, पाणी पाजायचे असते आणि तासा-दोन तासांनी पुन्हा यायचे असते. हे 'पुन्हा येणे' म्हणजेच शुश्रूषा. अस्पृश्यतेने पहिला बळी घेतला तो याच गोष्टीचा.

आज थर्मामीटर तीन हातांतून फिरत नाही. कायदा बदलला, संविधान आले. पण पुन्हा येणारा हात आजही कमी पडतो. म्हणून शुश्रूषाशास्त्र 'आधी कोण' हे कसे ठरवते, ते आपण समजून घेतले पाहिजे.

त्याचा नियम साधा आहे. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध. बाकी सर्व नंतर. समजा, चार खाटा आहेत. पहिलीवरचा रुग्ण वेदनेने मोठमोठ्याने ओरडतो आहे. दुसरीवरचा पुढाऱ्याच्या ओळखीचा आहे, त्याचा फोन आलेला आहे. तिसरीचे सलाईन संपत आले आहे. चौथीवरची म्हातारी गप्प पडून आहे, पण मिनिटाला तीस श्वास घेते आहे. सिस्टरने आधी चौथीकडे गेले पाहिजे. जो ओरडतो त्याचा श्वासमार्ग निदान मोकळा आहे. जी गप्प आहे तिच्याकडे वेळ कमी आहे.

प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस असतात. प्रकृती ढासळू लागली की बहुधा हा आकडा आधी बदलतो. रक्तदाब पुष्कळदा शेवटी कोसळतो. तरीही सर्वांत कमी वेळा मोजला जातो तो श्वासच, कारण त्याला यंत्र नाही. लागतो तो एक मिनिटाचा वेळ आणि एक जागरूक डोळा. ब्रिटनमध्ये २०१२ पासून श्वास, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, ताप आणि शुद्ध यांना गुण देऊन तक्ता भरण्याची एकसारखी पद्धत आणली गेली. श्वास पंचविसावर गेला की त्या एकाच गोष्टीला सर्वाधिक तीन गुण मिळतात. या तक्त्यात जातीचा रकाना नाही, ओळखीचा नाही आणि पैशाचाही नाही. समता कागदावर कशी दिसते ते पाहायचे असेल तर हा तक्ता पाहावा.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालाही हाच नियम. गुंगीतला माणूस कुशीवर हवा, नाहीतर जीभ किंवा उलटी श्वास अडवते. सुरुवातीच्या काळात दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि पट्टीवरचे रक्त पाहायचे. पट्टी कोरडी असली तरी पाठीखाली हात घालून पाहायचा, रक्त उताराने तिकडे जाते. नाडी वाढत चालली, कातडी गार पडली, लघवी तासाला तीस मिलिलीटरच्या खाली आली, तर आत रक्तस्राव होत असेल असे धरून डॉक्टरांना बोलवायचे. दुसऱ्या दिवशी खोल श्वास घ्यायला लावायचे, डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर उठवून चालवायचे. त्याने छाती साफ राहते आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. अर्धांगवायूच्या रुग्णाला गिळता येते का हे तपासल्याशिवाय चमचाभर पाणीही द्यायचे नाही. स्वतः हलू न शकणाऱ्याची कूस दर दोन तासांनी बदलायची. या कामांना महागडे यंत्र लागत नाही. माणूस लागतो.

यवतमाळ जिल्ह्याने हे २०१७ च्या पावसाळ्यात अनुभवले. उंच वाढलेल्या कपाशीत कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली. शासनाने विशेष तपास पथक नेमले, कंपन्या आणि विक्रेत्यांवर चर्चा झाली. पण एक गोष्ट चर्चेत फारशी आली नाही. असा रुग्ण वाचतो तो बहुधा शुश्रूषेवर.

विषबाधेचा रुग्ण दवाखान्यात आला की पहिले काम त्याचे कपडे उतरवणे आणि अंग साबणाने धुणे, कारण कपड्यातून विष आत जातच असते. त्याच वेळी तोंडातली लाळ-फेस काढायचा, कुशीवर घ्यायचे, ऑक्सिजन लावायचा. काम करणाऱ्याने हातमोजे घालायचे. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची बाधा असेल तर अ‍ॅट्रोपिन सुरू होते. ते पुरेसे झाले की नाही हे छातीतली घरघर थांबली का आणि नाडी किती झाली यावरून कळते. म्हणजे सुरुवातीला तर कोणीतरी दर काही मिनिटांनी छाती ऐकली पाहिजे. आणि खरा धोका पुढे असतो. रुग्ण शुद्धीवर येतो, बोलतो, नातेवाईक निर्धास्त होतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. त्याची खूण फार साधी आहे. उशीवरून डोके उचलता येते का? येत नसेल तर ताबडतोब डॉक्टरांना सांगायचे. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. तो विचारला गेला नाही तर बरा होत आलेला माणूस हातचा जातो.

बाभुळगाव तालुक्यात हे अधिक महत्त्वाचे आहे. अवघड रुग्ण येथून यवतमाळला 'रेफर' होतो. रेफर करणे चूक नाही. पण गाडी येईपर्यंतच्या आणि रस्त्यातल्या वेळातली शुश्रूषा हीच पुष्कळदा निर्णायक असते. श्वासमार्ग मोकळा आहे का, सलाईन चालू आहे का, कोणते औषध किती वाजता दिले हे चिठ्ठीवर लिहिले आहे का? हे न पाहता गाडीत घातलेला रुग्ण म्हणजे पुढे ढकललेली जबाबदारी.

दुसरा आजार सिकलसेल. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात झाली. विदर्भात हा आजार आदिवासी आणि पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजात मोठ्या प्रमाणात आढळतो. म्हणजे तो आपल्या घरातला आहे. त्याचा झटका आला की हाडे ठेचल्यासारखी वेदना होते, पण बाहेरून काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. मग 'सोंग करतो', 'सुईची सवय लागली' असे शेरे ऐकावे लागतात. शास्त्र काय सांगते? रुग्ण सांगेल ती वेदना खरी मानावी, दवाखान्यात आल्यापासून तासाभरात पहिले वेदनाशामक द्यावे, नंतर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारावे, अंग उबदार ठेवावे, बर्फाने शेकू नये, पाणी कमी पडू देऊ नये. ताप १०१ च्या पुढे गेला किंवा छातीत दुखून धाप लागली तर तो रुग्ण रांगेत सर्वांत पुढे. ज्यांच्या वेदनेवर कधी कोणी विश्वास ठेवला नाही, त्यांच्या वेदनेवर विश्वास ठेवणे हे येथे औषधोपचाराचे पहिले पाऊल आहे.

मग दोष सिस्टरचा का? नाही. शुश्रूषेचे काम करणाऱ्या मुलींमध्ये आपल्याही घरातल्या पुष्कळ आहेत. पुष्कळजणी कंत्राटावर राबतात. हिशेब करून पाहा. केंद्र शासनाच्या २०१२ च्या मानकांनुसार तीस खाटांच्या सामुदायिक आरोग्य केंद्राला दहा परिचारिका हव्यात. आठवड्याच्या एकवीस पाळ्या, साप्ताहिक सुट्या आणि रजा वजा करता एका पाळीला जेमतेम दोन-तीन उरतात. त्यातली एक प्रसूतीकडे, एक अपघात विभागाकडे. वॉर्डात राहिली एक. तेही दहाची दहा पदे भरलेली असतील तर. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे.

या आकड्यांचा मरणाशी थेट संबंध आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांमधील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. युरोपातील नऊ देशांच्या २०१४ च्या अभ्यासातही तोच आकडा निघाला. कॅलिफोर्नियाने तर १९९९ साली कायदाच केला. तेथे २००५ पासून अशा वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचपेक्षा अधिक रुग्ण देता येत नाहीत. रिक्त पद हा कागदावरचा शब्द नाही. ती कोणाच्या तरी खाटेशेजारची रिकामी जागा आहे.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. कोणी का पाहत नाही, असे भगवान बुद्धांनी विचारले. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून, असे कारण निघाले. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. ज्याचा कोणाला उपयोग नाही त्याच्याकडे आधी पाहायचे, हा अग्रक्रम आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षे जुना आहे.

तेव्हा चळवळीच्या कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागावी आणि ती रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवावी. फवारणीच्या हंगामाआधी वस्त्यावस्त्यांतून विषबाधेची लक्षणे, कपडे उतरवून अंग धुण्याची पद्धत आणि मान उचलण्याची खूण शिकवावी. आणि खाटेशेजारी बसणाऱ्या नातेवाइकाला श्वास मोजायला शिकवावे. सिस्टरला 'जरा बघा ना' म्हणण्याऐवजी 'मिनिटाला तीस श्वास आहेत' असे तो सांगू लागला, तर तिलाही आधी कोणाकडे जायचे ते कळेल. हा आकडा सांगणे म्हणजे विनवणी नव्हे, तो हक्काचा उच्चार आहे. आपल्या माणसाला तो उच्चारता आला पाहिजे.