शामक औषधांपासून उद्भवणारे निद्राविकार : निदान आणि संकेतांकन

झोप यावी म्हणून घेतलेले औषधच पुढे झोप मोडण्यास कारण व्हावे, ही गोष्ट वरकरणी विसंगत वाटते. परंतु तिची उपपत्ती सरळ आहे. बेन्झोडायझेपीन वर्गातील औषधे मेंदूतील गाबा या निरोधक द्रव्याचा परिणाम वाढवितात. त्यामुळे झोप लवकर लागते, मात्र मंदतरंगी गाढ निद्रेचे प्रमाण घटते. नित्य सेवनाने मेंदू या परिणामास सरावतो. अशा वेळी औषध एकाएकी बंद केले, तर पूर्वीपेक्षाही तीव्र जागरण सुरू होते. १९७८ साली अँथनी केल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेचे वर्णन ‘रिबाउंड इन्सोम्निया’ या नावाने केले. ट्रायाझोलामसारखे अल्पकाळ टिकणारे औषध थांबविल्यास हे जागरण पहिल्या-दुसऱ्या रात्रीच जाणवते. डायझेपाम शरीरातून सावकाश निघून जात असल्याने तेथे ते काही दिवसांनी प्रकट होते.

यावरून निदानाची मुख्य कसोटी कालक्रम ही होय, हे स्पष्ट होईल. अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार विकाराचा आरंभ औषधसेवनाच्या काळात, किंवा औषध थांबविल्यानंतर, झालेला असावा लागतो. तक्रार औषधापूर्वीच असेल, अथवा औषध सुटून सुमारे महिना लोटल्यावरही टिकून राहिली असेल, तर स्वतंत्र निद्राविकाराचा विचार करावा लागतो. केवळ भ्रमावस्थेत दिसणारी लक्षणे येथे धरावयाची नसतात. निद्रानाश, दिवसाची झापड, झोपेतील असाधारण वर्तन आणि मिश्र असे या विकाराचे चार प्रकार मानले आहेत.

संकेतांकन मात्र औषधवापराच्या स्वरूपावर अवलंबून असते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या दहाव्या आवृत्तीच्या रूपांतरात सौम्य वापरविकारासह निद्राविकार असल्यास एफ१३.१८२, मध्यम वा तीव्र वापरविकारासह एफ१३.२८२ आणि वापरविकार मुळीच नसल्यास एफ१३.९८२ हा संकेतांक योजतात. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. वैद्याच्या योग्य देखरेखीखाली औषध घेणाऱ्या रुग्णात आढळणारी सहनक्षमता आणि औषध थांबविल्यावरची लक्षणे ही वापरविकाराच्या निकषांत मोजली जात नाहीत. अशा रुग्णास एफ१३.२८२ लावणे म्हणजे आज्ञापालनाबद्दल त्याच्यावर व्यसनाचा शिक्का मारणे होय. याउलट, नुसता ‘निद्रानाश’ नोंदविल्यास कारणच नोंदीतून नाहीसे होते. पुढील वैद्य तेच औषध पुन्हा देतो आणि चक्र चालू राहते.

१ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत शामकांच्या वापराचे विकार ६सी४४ खाली येतात, तर निद्राविकारांस स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे. पद्धती कोणतीही असो, औषधाचे नाव, मात्रा, सेवनाचा काळ आणि ते थांबविल्याची तारीख यांवाचून योग्य संकेतांक निवडता येत नाही. तसेच कारण निश्चित झाले म्हणून औषध तडकाफडकी तोडणेही युक्त नव्हे. त्यातून अपस्माराचे झटके येण्याचा संभव असल्याने मात्रा क्रमाक्रमाने कमी करणे हेच श्रेयस्कर होय.